बंगल्यावरची ऑर्डर: पत्ता एक, माणसं तीन

ताई, तुमचा प्रश्न वाचला. कोथरूडला घरून उकडीचे मोदक आणि अनारसे करता, सोसायटीत २५ रुपयाला मोदक जातो, आता बोट क्लब रोड, कोरेगाव पार्कच्या बंगल्यांमधलं गिऱ्हाईक हवंय, तर इन्स्टाग्रामवर पैसे भरून जाहिरात करू का आणि सुरुवातीला भाव कमी ठेवू का, असं विचारलंयत. मी दहा वर्षं हेच करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाव कमी अजिबात करू नका. तिथे २५ चा मोदक २० ला दिला तर कोणी खूश होत नाही, उलट तूप कुठलं वापरते ही असा संशय येतो. माझा ५० ला जातो आणि आजवर एकीनेही घासाघीस केलेली नाही (घासाघीस आमच्याच बिल्डिंगमध्ये होते, ते असो). फक्त ५० घ्यायचे तर आंबेमोहराची ताजी पिठी, हाताने पाडलेल्या कळ्या, साच्यातला एकही नाही, हे पाळावं लागतं. आणि चतुर्थीला मी ३०० च्या वर घेतच नाही, कारण नैवेद्य बाराच्या आत पोचला नाही तर तो मोदक फुकट दिला तरी उपयोग नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. अशा घरात ऑर्डर देणारी वेगळी, डबा ताब्यात घेणारा वेगळा आणि खाणारे भलतेच असतात. माझी पहिली मोठी ऑर्डर ५१ मोदकांची होती, सकाळी अकराला पोचवले, सगळे सुरेख, आणि रात्री मॅडमचा फोन की मोदक रबरासारखे झाले, पाहुण्यांसमोर लाज गेली. मी घाबरून विचारत बसले तेव्हा कळलं की संध्याकाळी स्वयंपाकाच्या मावशींनी ते तसेच कोरडे मायक्रोवेव्हला लावले होते. त्यांची काय चूक, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं! तेव्हापासून डब्यावर मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात चिठ्ठी असते, पाण्याचा हात लावा, ओलं फडकं घाला, पाच मिनिटं वाफ द्या, आणि डबा पोचला की मी मॅडमना नाही तर मावशींनाच फोन करते. त्या मावशी आता शेजारच्या बंगल्यातल्या मावशींना माझा नंबर देतात. माझी निम्मी नवीन गिऱ्हाइकं अशी आलीत, खोटं नाही सांगत.

जाहिरातीचं म्हणाल तर मी एकदा ६००० रुपये घालून बघितले. नुसते 'प्राईस प्लीज' वाले मेसेज आले, तेही कुठून कुठून. त्या पैशात चांगले डबे आणा. एका घरी वीस पाहुणे जेवतात त्यातल्या दोघी विचारतातच, कुठून मागवले गं, तेव्हा डब्याच्या आत छोटं कार्ड हवं, नाव, नंबर, बास. मैत्रिणीला सांगा आणि १० टक्के सूट मिळवा वगैरे छापू नका, त्यांना ते कानकोंडं वाटतं. आणि कोणाकडे डबा गेला हे कधीही स्टेटसला टाकू नका. मी एकदा उत्साहात गेटवरच्या पाटीसकट फोटो टाकला, ते घर कायमचं गेलं. बोलले काही नाहीत, फक्त परत फोन आला नाही.

अनारश्यांना मात्र तुम्ही कमी लेखताय असं वाटलं. २०२३ ला अधिक श्रावण होता तेव्हा जावयाला वाण म्हणून ३३ अनारसे द्यायला सगळ्यांना हवे होते आणि घरात करणारं कोणी नव्हतं. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, गुळात पीठ मुरवा, आणि एवढं करून तुपात सोडला की अनारसा हसला, म्हणजे फुटून तुपात विखुरला, तर सगळं मुसळ केरात. हे मोठ्या घरातल्या सासवांना पक्कं माहीत असतं, त्यांनी आपल्या आईला करताना बघितलेलं असतं, म्हणून तिथे भाव विचारला जात नाही, फक्त जाळी कशी पडलीय ते बघतात. मी नगावर विकतच नाही, ३३ चा एक डबा, खसखस वरच्या बाजूला राहील असे लावलेले, मध्ये बटर पेपर. चांदीचं ताट त्यांचं.

पैसे आधी घ्या. हे सांगताना हसू येतं पण सगळ्यात उशिरा पैसे देणारे हेच, वाईट हेतू नसतो, अकाउंटंट सोमवारी ट्रान्सफर करेल म्हणतात आणि तो सोमवार दिवाळीनंतर उगवतो. आता मी ऑर्डर घेतानाच पूर्ण रक्कम यूपीआयवर घेते, गोड बोलून. एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी केली नसेल तर तीही करा, १४ आकडी नंबर डब्यावर हवा, ऑफिसच्या गिफ्टची ऑर्डर आली की पहिल्यांदा तोच मागतात.

यंदा २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. पीठ आधी करून ठेवता येतं, तेव्हा एप्रिलच्या शेवटी दोन-तीन ओळखीच्या घरी पाच-पाच अनारसे नुसते चवीला पाठवा, आणि चिठ्ठी मावशींच्या हातात द्या.