कोर्टाचा निकाल क्रेडिट रिपोर्टवरून काढायला पैसे देऊ का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: अमेरिकेत नोकरी, २०२० मध्ये क्रेडिट कार्ड थकलं, २०२१ मध्ये कोर्टाने ६ हजार डॉलर भरा म्हणून निकाल दिला. आता घर घ्यायचंय, डाऊन पेमेंटचे १४ हजार बँकेत साठलेत, आणि एक क्रेडिट रिपेअरवाली कंपनी महिना ९९ डॉलरमध्ये हा निकाल रिपोर्टवरून काढून देते म्हणतेय. घेऊ का?

अजिबात नको. काढायला तिथे काही नाहीच आहे! एक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या तिन्ही कंपन्यांनी २०१७ लाच असे निकाल रिपोर्टवरून काढले, एप्रिल २०१८ पर्यंत टॅक्स लीनही (थकलेल्या करापोटी मालमत्तेवर चढवलेला सरकारी बोजा) गेले, पब्लिक रेकॉर्ड म्हणून आता फक्त बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरी, दिसते. मग वर्षाला जवळपास १२०० डॉलर कशाचे? आणि काम व्हायच्या आधी पैसे घ्यायला या कंपन्यांना कायद्याने बंदी आहे, तरी बिनधास्त मागतात. तुमचा स्कोअर पडलाय तो थकलेल्या कार्डामुळे, ती नोंद ७ वर्षांनी, म्हणजे २०२७ मध्ये, आपोआप जाईल.

मला काळजी वाटली ती तुमच्या शेवटच्या ओळीची, "रिपोर्टवरून गेलं की भरायची गरज नाही ना?" अहो, रिपोर्टवर दिसत नाही म्हणून देणं फिटलं असं होत नाही! निकालावर तुम्ही लिहिलंय तसं ९ टक्के व्याज चढतंय, वर्षाला साडेपाचशे धरा, चार वर्षांत सव्वादोन हजार, म्हणजे देणं सव्वाआठ हजारांच्या घरात गेलं. ज्याचे पैसे थकलेत तो कोर्टाकडून आदेश आणून तुमचं बँक खातं गोठवू शकतो, तेच खातं ज्यात डाऊन पेमेंट पडून आहे, आणि बऱ्याच राज्यांत हातात येणाऱ्या पगाराच्या पाव हिश्श्यापर्यंत कापूनही घेऊ शकतो. शिवाय होम लोनच्या अर्जात न फेडलेला निकाल आहे का हे सरळ विचारतात, तिथे खोटं लिहिलंत तर तो गुन्हा.

तुमचा मित्र म्हणतो तशी बँकरप्सी तर नकोच, चॅप्टर ७ (दिवाळखोरीचा एक प्रकार) ची नोंद १० वर्षं राहते, एवढ्याशा रकमेसाठी कशाला.

आधी त्यांच्या वकिलाला फोन करा, एकरकमी ६ हजार घेता का विचारा, हो म्हणाले तर लेखी घ्या आणि मगच पैसे द्या. पैसे दिल्यावर कोर्टात सॅटिस्फॅक्शन ऑफ जजमेंट, म्हणजे निकालाचं देणं फिटल्याचा कागद, दाखल झालंय का ते स्वतः तपासा, त्याची कॉपी बँकेला लागेल. घर वर्षभर पुढे गेलं तरी चालेल.