‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ला एवढे पुरस्कार मिळाले, तरी अनेकांना तो कंटाळवाणा का वाटतो?

मुख्य कारण आवाज. जोनाथन ग्लेझरच्या या २०२३ च्या चित्रपटाची अर्धी गोष्ट फक्त ऐकू येते. आउश्वित्झ या नाझी छळछावणीचा कमांडंट, म्हणजे प्रमुख, रुडॉल्फ होस बायकामुलांसह छावणीच्या भिंतीला लागून राहतो. पडद्यावर बाग, जेवणं, नदीवरची सहल. भिंतीपलीकडून गोळ्या, किंकाळ्या आणि प्रेतं जाळणाऱ्या भट्ट्यांची अखंड घरघर. याच ध्वनीला २०२४ मध्ये ऑस्कर मिळालं. मोबाईलच्या स्पीकरवर ही खालच्या पट्टीतली घरघर उडून जाते आणि उरतो एका घराचा रटाळ दिनक्रम. म्हणून हेडफोन लावा, १०५ मिनिटं सलग बघा. सुरुवातीचा काळा पडदा बिघाड नाही. तो कान तयार करण्यासाठी आहे.

दुसरं, घरात एका वेळी दहापर्यंत कॅमेरे लपवून चित्रण केलं. चेहऱ्याजवळ कॅमेरा फारसा जातच नाही, त्यामुळे कोणाशी नातं जुळत नाही. ते मुद्दामच.

रात्री कैद्यांसाठी सफरचंदं लपवणारी मुलगी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने दाखवली आहे. निगेटिव्हसारखी ती दृश्यं बघून बरेच जण गोंधळतात.

बळींना चेहराच दिलेला नाही, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो हेडफोनने सुटत नाही. तरीही माझ्या मते इथे छळ दाखवला असता, तर आपली नजर होस कुटुंबावरून हटली असती.