रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे काही मिसळलंच नव्हतं, असं होत नाही

प्रश्न: ड्रिंकमध्ये कोणी काही मिसळल्याचा संशय असेल तर हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत काय करतात? टेस्टमध्ये लगेच कळतं का?

लगेच कळत नाही, आणि पुष्कळदा नंतरही कळत नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी हे मला फार उशिरा समजलं.

पार्टीत तिने एकच ग्लास घेतला होता. मी शेजारीच बसले होते. अर्ध्या तासात तिची जीभ जड झाली, मग तिने मानच टाकली. कॅज्युअल्टीत पोचलो तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "किती घेतली?" एक, म्हटलं. "खरं सांगा, किती?"

तरी त्यांचे हात थांबले नव्हते, ते मी नाकारत नाही. उलटी घशात जाऊ नये म्हणून तिला कुशीवर वळवलं. ऑक्सिजन, शुगर, बीपी, ईसीजी बघितलं, डोळ्यांत टॉर्च मारला, केसांत बोटं घालून डोकं चाचपलं. शुगर उतरली किंवा डोक्याला मार लागला तरी माणूस प्यायल्यासारखाच दिसतो, म्हणून हे आधी. पोटात काय गेलंय ते कळो न कळो, पहिले काही तास श्वास सांभाळणं हाच मुख्य उपचार. बेंझोडायझेपिन या झोपेच्या-गुंगीच्या औषधांवर फ्लुमाझेनिल हा उतारा आहे, पण त्याने फिट येऊ शकते म्हणून सहसा देत नाहीत. टेस्टने उपचार फारसा बदलत नाही, त्यामुळे टेस्टची घाईही कोणी करत नाही.

आमचं नुकसान तिथेच झालं. पहाटे ती जागी झाली, लघवीला जायचं म्हणाली. एका हाताने सलाईनची बाटली उंच धरून, दुसऱ्या हाताने तिला सावरत मीच नेलं आणि मीच फ्लश ओढला. सगळ्यात कामाचा नमुना तोच होता.

नमुना घेतला गेला तो दुपारी, दादाने आग्रह धरला तेव्हा. जीएचबी हे ड्रिंकमध्ये मिसळलं जाणारं गुंगीचं औषध रक्तात जेमतेम सहा-आठ तास सापडतं, लघवीत साधारण 12 तास. शिवाय हॉस्पिटलच्या नेहमीच्या ड्रग स्क्रीनमध्ये जीएचबी धरलेलंच नसतं, केटामाइन हे भुलीचं औषध बहुधा नसतं, फ्लुनिट्राझेपाम हे बेंझोडायझेपिन निसटू शकतं. ते शोधायला फॉरेन्सिक लॅब लागते. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि दादाने निकाल देऊन टाकला, "मग हिनेच जास्त घेतली असणार." आजही विषय निघाला की तो तेच म्हणतो.

म्हणून सांगते, दारात पाऊल टाकताच "ड्रिंकमध्ये काही मिसळल्याचा संशय आहे" याच शब्दांत बोला आणि वेळेसकट केसपेपरवर लिहून घ्या. पहिली लघवी वाया घालवू नका, भांडं मागा. पोलिसांत जायचं असेल तर वेगळा, सीलबंद, वेळ आणि सही असलेला नमुना लागतो. उपचारासाठी घेतलेलं रक्त तिथे पुरेसं ठरेलच असं नाही. अर्थात हे सगळं ती शुद्धीवर आली की तिला विचारून. आमच्याकडे तिला सोडून सगळ्यांनी निर्णय घेतले, त्यात मीही होते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर रिपोर्टची वाट बघूच नका. एचआयव्ही रोखणारं औषध 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आपत्कालीन गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी बरी, फार तर 120 तासांपर्यंत.

एक गोष्ट मात्र मान्य करते. अशा संशयाच्या कित्येक केसेसमध्ये तपासणीत फक्त अल्कोहोल निघतं. पण ग्लासात न सांगता जादा दारू ओतणं हेही मिसळणंच आहे, आणि त्याचा दोष पिणाऱ्या मुलीवर येत नाही. दादाला हे कितीदा सांगितलं तरी तो तो केसपेपर काढून दाखवतो. त्यावर एकच शब्द आहे, "मद्यसेवन". मी दोनदा सांगितलेला तो एक ग्लास त्यावर कुठेच नाही.