ठेकेदार बदलतो, मशीन तेच राहतं

कामगार घरांचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही नाशिकला सिडकोत उत्तमनगरला राहतो. माझे मिस्टर अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आठ वर्षांपासून प्रेसवर आहेत, पण कंत्राटी. एवढ्यात तीन ठेकेदार बदलले. कंपनी तीच, मशीनही तेच. परमनंट माणसाच्या निम्मासुद्धा पगार नाही, पीएफचे पैसे भरतात की नाही तेही कळत नाही. आता दहा-बारा जण युनियन करायचं म्हणताहेत. शनिवारी सुट्टी असली की दिवसभर फोन चालू असतात. सासूबाई म्हणतात, युनियनच्या नादी लागलास तर आहे तेही जाईल. लेकीची यंदा दहावी, घराचा हप्ता डोक्यावर. मी यांना अडवू का?

उत्तर : वहिनी, अडवू नका. पण सासूबाईंचं म्हणणंही उडवून लावू नका. सातपूर-अंबडला बंद पडलेल्या कंपन्यांची गेटं ज्या पिढीने पाहिली, तिची भीती खोटी नाही. मी अंबडला पॅकिंगला होते तेव्हा पुढाकार घेणाऱ्या तिघींना एका सकाळी गेटवरच थांबवलं होतं. त्या परत कामावर आल्या, कारण आम्ही बाकीच्या जणी त्यांच्या मागून हटलो नाही. मधल्या काळात त्यांच्या घरी शिधा कोणाकडून जात होता, ते गल्लीला माहीत आहे. त्यामुळे युनियन घरातून उभी राहते असं मी मानते, आणि म्हणूनच तुमच्या पत्राला जरा सविस्तर लिहिते.

आधी कागद. हे काम तुम्ही स्वतः करा, मिस्टर शिफ्टवरून दमून येतात. सरकारच्या उमंग अ‍ॅपवर त्यांचं पीएफचं पासबुक उघडा. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, माणसाला एकच असतो. ठेकेदार बदलला की त्याच यूएएनखाली नवा मेंबर आयडी, म्हणजे नव्या ठेकेदाराकडचं खातं, जोडलं जातं. ते जोडलं आहे, की ठेकेदाराने वेगळाच यूएएन काढला आहे, हे पहिलं बघायचं. मग लेकीची एखादी जुनी वही घ्या आणि तीन रकाने आखा : महिना, पगारातून कापलेली रक्कम, पासबुकात जमा झालेली रक्कम. पगाराच्या स्लिपा नसतील तर बँकेच्या पासबुकातला पगाराचा आकडा लिहा. ठेकेदार बदलतानाचे महिने नीट तपासा. बहुतेक वेळा भोक तिथेच असतं : जुन्याने शेवटचे दोन महिने भरलेले नसतात आणि नव्याने सुरुवात उशिरा दाखवलेली असते.

अशी भोकं सापडली तर ठेकेदार पळून गेला म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कंत्राटी कामगाराचा पीएफ ठेकेदाराने भरला नाही तर ती जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. थकलेल्या पगाराचंही तसंच. पगाराची ही जबाबदारी १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही आहे. त्याच संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणं बंधनकारक केलं आहे. मिस्टरांकडे ते नसेल तर लेखी मागायला सांगा, आणि एकट्याने नाही, दहा-बारा जणांनी एकाच दिवशी. एका अर्जावर नाव उठून दिसतं, बारा अर्जांवर कोणाचंच दिसत नाही.

ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही काढून बघा. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के तिथे जायला हवेत. कामगारावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यात उपचार मिळतात. सासूबाईंचं नाव कार्डावर चढवलेलं नसेल तर या आठवड्यात चढवून घ्या. हक्क घरात आला की त्यांचंही मन जरा वळेल.

आता परमनंट होण्याबद्दल. ‘२४० दिवस भरले की कंपनीला घ्यावंच लागतं’ असं गेटवर सगळे सांगतात. ते तसं नाही. २४० दिवसांनी सलग सेवा धरली जाते, पण कंत्राटी माणूस तेवढ्यावर कंपनीचा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. कंत्राट नावापुरतंच होतं, हे सिद्ध करावं लागतं. काम कोण वाटून देतं, रजा कोण मंजूर करतं, कंपनीचा सुपरवायझर की ठेकेदाराचा माणूस? तीन ठेकेदार गेले आणि माणूस त्याच प्रेसवर उभा आहे, ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. म्हणून जुने गेटपास, शिफ्टचे मेसेज, सुरक्षेच्या ट्रेनिंगचे कागद फेकू नका. फराळाच्या रिकाम्या डब्यात ठेवले तरी चालतील, पण ठेवा.

युनियनची नोंदणी सात जणांपासून करता येते, मात्र तिथल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद लागतात. माझा सल्ला असा, की आधी परमनंट कामगारांच्या युनियनकडे जा आणि कंत्राटी माणसांना सभासद करून घेता का, असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर नाशिकमध्ये सीटू, आयटक, भारतीय मजदूर संघ अशा मोठ्या कामगार संघटना आहेत. झेंडा कोणता ते मी सांगणार नाही. बघायचं एवढंच : वर्गणीची पावती देतात का, वर्षाचा हिशोब सभासदांपुढे वाचतात का, आणि मीटिंगमध्ये कंत्राटी माणूस बोलला तर ऐकून घेतात का. सभासद झाला म्हणून कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा ठरते, त्याविरुद्ध दाद मागता येते. पण तारखांवर तारखा पडतात आणि हप्ता थांबत नाही.

म्हणूनच तुमचं खरं काम इथे आहे. त्या दहा-बारा घरांतल्या बायका एकमेकींना ओळखतात का? नसतील तर येत्या शनिवारी तुमच्याकडे बोलवा. मिस्टरांची मीटिंग आणि तुमची बैठक एकाच वेळी, एकाच घरात होऊ द्या. भिशी तुम्हा सगळ्यांना येते. तशीच एक भिशी युनियनच्या वर्गणीहून वेगळी लावा. कोणाचं काम सुटलं तर पहिला हप्ता, पहिली फी तिच्यातून जाईल, हे आधीच ठरवा आणि वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हे ठरलेलं असलं की माणूस साहेबासमोर वेगळ्या आवाजात बोलतो. मी ऐकला आहे तो आवाज.

लेकीलाही सांगा काय चाललंय ते. मुलांना अर्धवट कळलं की ती जास्त घाबरतात.

प्रश्न : मी सातपूरला श्रमिकनगरमध्ये राहतो, युनियनच्या कमिटीवर आहे. कंपनीतून सेकंड शिफ्ट सुटल्यावर आमच्या भगिनी ज्या रस्त्याने घरी येतात त्यावरचे दिवे बंद असतात. मी विषय काढला तर जुने मेंबर म्हणाले, हे नगरसेवकाचं काम आहे, आपण करारावर बोलू. मोर्चा काढला तर लोकांना त्रास होईल, असंही म्हणाले. ताई, आपलं मत?

उत्तर : दादा, तो रस्ता कंपनीतून घरी जातो, म्हणजे तो युनियनचा आहे. संध्याकाळी सातनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने करायची असते. तेव्हा गाडीची मागणी करारातच घाला. दिव्यांसाठी महापालिका आणि एमआयडीसी, दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज द्या आणि दोन्हींची पोच घ्या, नाहीतर ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे ऐकण्यात पावसाळा जाईल. अर्जात बंद खांबांचे नंबर लिहा. ते नंबर त्या भगिनींनाच टिपू द्या आणि अर्जावर पहिली सही त्यांची घ्या.

लोकांच्या त्रासाचं म्हणाल, तर ६ मार्च २०१८ ला आपल्या सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, मुंबईकडे शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला होता. पायाला फोड आलेल्या आदिवासी आयाबाया त्यात होत्या. मुंबईत दहावीची परीक्षा चालू होती, तर पोरांची अडचण होऊ नये म्हणून ती माणसं विश्रांती सोडून रात्रीच आझाद मैदानाकडे चालत गेली. मुंबईकर पाणी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे होते. लोकांचा विचार करणाऱ्या मोर्चाचा लोकांना राग येत नाही.

प्रश्न : मी फुलेनगरला राहते. गंगापूर रोडला एका बिल्डिंगमध्ये चार घरची धुणीभांडी करते. सासरे वारले म्हणून गावी गेले, तर एका मॅडमने चार दिवसांचे पैसे कापले. आम्हाला कोणी युनियन असते का? (मुलीकडून लिहून घेतलं आहे.)

उत्तर : असते, ताई. आणि मुलीचं अक्षर फार सुंदर आहे, तिला सांगा. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे, त्याखाली कल्याण मंडळ आहे. १८ ते ६० वयाच्या बाईला कामगार कार्यालयात नाव नोंदवता येतं. आधार, बँकेचं पासबुक, फोटो आणि कामावर असल्याचा घरमालकाचा दाखला जवळ ठेवा. दाखला ज्या घरी तुमचं जमतं तिथे आधी मागा. दुपारची भांडी आटोपली की चार-पाच जणी मिळून जा, एकटीला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं.

मंडळ मॅडमशी भांडायला येणार नाही, ते तुम्हा बायकांनाच करावं लागेल. त्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या सगळ्या जणींनी खाली वॉचमनच्या केबिनपाशी बसून दोन गोष्टी ठरवा. महिन्याला किती भरपगारी सुट्ट्या हव्यात ते, आणि एकीला काढलं तर तिचं घर दुसरीने कमी पैशात धरायचं नाही हे. दुसरी गोष्ट अवघड आहे, कारण प्रत्येकीला गरज असते. तिच्यावर जास्त वेळ बोला. ते ठरल्यावरच वर जा, तिघी मिळून, आणि मॅडमना शांतपणे सांगा की मयतीला गेलेल्या बाईचे चार दिवसांचे पैसे परत द्यावेत.