वाचकांचे प्रश्न : यजमान कुटुंबाचा निरोप घेताना

प्रश्न : आमचा सतरा वर्षांचा मुलगा विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमातून वर्षभरासाठी जर्मनीत, हॅनोवरजवळच्या एका गावी गेला असून जुलैमध्ये परत येणार आहे. तिथे तो दोन कुटुंबांकडे राहिला. पहिल्या घरी अंघोळीला लागणारा वेळ, खोलीतला हीटर, जेवणाच्या वेळा यांवरून कुरबुरी होत राहिल्या आणि मने काही जुळली नाहीत. सध्याच्या घरी मात्र तो इतका रमला आहे की, निघण्याचा विषय काढला तरी त्याचा आवाज जड होतो. पहिल्या घरी निरोप घ्यायला जाणारच नाही, असे तो म्हणतो. सध्याच्या कुटुंबाला माहेश्वरी रेशमी साडी, चांदीचे निरांजन आणि पेढे पार्सलने पाठवावेत, अशी आमची इच्छा आहे. हे योग्य ठरेल का?
(एक आई, रामबाग, इंदूर)

उत्तर : पार्सलचा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी घेऊ. पेढे पाठवू नयेत. दूध आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून खासगी टपालाने किंवा सामानातून नेण्यास मनाई आहे, त्यामुळे मावा, पेढे, तूप यांच्या वाटेलाच जाऊ नये. शिवाय एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली भेटवस्तू ४५ युरो किमतीपर्यंतच करमुक्त असते. त्याहून महाग वस्तू गेली की ती सोडवून घेण्यासाठी यजमानांनाच सीमाशुल्काची रक्कम भरावी लागते, आणि आपल्या कृतज्ञतेचा भुर्दंड त्यांच्यावर पडतो. चांदीचे निरांजन घरातच राहू द्या. साडीऐवजी सुती माहेश्वरी स्टोल किंवा बाग छापाचा टेबलावर अंथरायचा कपडा पाठवला, तर तो त्या घरात रोज वापरला जाईल. आपल्याकडून जाणारी साडी बहुधा कपाटातच राहील, हे थोडे कठोर वाटले तरी खरे आहे.

अवघड भाग पहिल्या घराचा आहे. तिथे मुलाला अपमानास्पद किंवा असुरक्षित वाटावे असे काही घडले असेल, तर त्याने जाण्याचे बंधन मुळीच नाही. उलट ती गोष्ट कार्यक्रमाच्या समुपदेशकाच्या कानावर घातलीच पाहिजे. रोटरीच्या विनिमयात हा समुपदेशक यजमान कुटुंबातला नसावा असा नियम आहे, तो याच कारणासाठी. परंतु आपण लिहिलेल्या तक्रारी पाण्याच्या, हीटरच्या आणि वेळेच्या आहेत, आणि जर्मन घरांत या तिन्ही बाबतींत काटेकोरपणा असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. त्या कुटुंबानेही एका अनोळखी मुलाला आपल्या घराची किल्ली दिली होती. अशा कार्यक्रमांत यजमान कुटुंबे सहसा मोबदला घेत नाहीत, हेही त्याला सांगावे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की त्याने जावे. मात्र आधी वेळ ठरवून, अर्ध्या तासासाठी, आणि जुने हिशेब न काढता. माफीही मागू नये आणि स्पष्टीकरणही देऊ नये. त्या घरात मिळालेली एखादी खरी गोष्ट आठवून तिच्यासाठी आभार मानावेत : पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्याला शाळेची बस दाखवली असेल, नगर कार्यालयात नावनोंदणीसाठी बरोबर गेले असेल, आजारपणात गरम सूप करून दिले असेल. अशी एकही गोष्ट आठवत नसेल, तर “तुम्ही मला घरात ठेवून घेतलेत, त्याबद्दल आभार” एवढे वाक्य पुरेसे आहे आणि ते खोटेही नाही.

ज्या घरावर त्याचा जीव जडला आहे, तिथे धोका वेगळाच आहे. अशा वेळी मुले दर आठवड्याला फोन करीन, पुढच्या उन्हाळ्यात येईन, अशी मोठमोठी आश्वासने देऊन बसतात आणि इंदूरला परतल्यावर बारावीच्या अभ्यासात ती विरून जातात. त्याने एकच छोटे वचन द्यावे आणि ते पाळावे. उदाहरणार्थ, घरातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला पत्र. (जर्मनीत वाढदिवसाच्या शुभेच्छा त्या दिवसाच्या आधी देणे अशुभ मानतात, तेव्हा फोन किंवा संदेश एक दिवस उशिरा गेला तरी चालेल, लवकर जाऊ नये.)

निरोपाचा प्रसंग शेवटच्या संध्याकाळवर ढकलू नये. त्या दिवशी बॅग, वजनकाटा आणि पासपोर्ट यांखेरीज कोणाचे कशात लक्ष नसते. निघण्याच्या आधीच्या रविवारी सकाळी त्याने स्वतः इंदुरी पोहे करून सगळ्यांना वाढावेत, वर शेव आणि जिरावण घालून. पार्सलमध्ये पाठवायचेच असेल तर हे जिरावणच पाठवा. तिथे रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे कांदे, लिंबे आणि कोथिंबीर शनिवारीच आणून ठेवायला त्याला बजावून सांगावे. टेबलाशी सगळे बसलेले असताना बोलणे आपोआप निघते, आणि भाषण करावे लागत नाही. यजमान आईसाठी फुले न्यायची असल्यास ती वेष्टणाचा कागद काढून हातात द्यावीत. पांढऱ्या लिली आणि शेवंती टाळावी, कारण त्यांचा संबंध अंत्यविधीशी जोडला जातो.

आपल्याकडून मात्र एक गोष्ट अवश्य जावी, ती म्हणजे आई-वडिलांचे हाताने लिहिलेले पत्र. ते मराठीतच लिहा आणि खाली मुलाला जर्मन भाषांतर लिहू द्या. “आपले उपकार कधीच फिटणार नाहीत” अशा वाक्यांनी वाचणारा अवघडून जातो; त्याऐवजी वर्षभरात मुलामध्ये आपल्याला फोनवरून जाणवलेले दोन बदल लिहा. व्हिडिओ कॉल करायचा असेल, तर उन्हाळ्यात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते हे ध्यानात ठेवावे : आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजता त्यांच्याकडे सहा वाजलेले असतात आणि तो संध्याकाळच्या जेवणाचा सुमार आहे. परतफेड करावीशी वाटत असेल, तर पुढच्या वर्षी इंदूरला येणाऱ्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्यासाठी आपल्या घरातली एक खोली देण्याचा विचार करा. या योजना चालतातच अशा कुटुंबांवर.

प्रश्न : आमच्याकडे तीन महिने राहिलेली फ्रेंच मुलगी पुढच्या आठवड्यात परत जात आहे. सासूबाईंना तिची ओटी भरायची आहे. परधर्मीय मुलीला ते आवडेल का, याबद्दल मला संकोच वाटतो.
(एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : संकोच दूर करण्याचा उपाय म्हणजे तिला आदल्या दिवशीच सगळे समजावून सांगणे : काय करणार, कशासाठी करणार, आणि नको असेल तर कोणालाही वाईट वाटणार नाही. होकार मनापासून आला तर सासूबाईंनी खुशाल ओटी भरावी. कुंकू लावण्यापूर्वी मात्र पुन्हा एकदा विचारावे. तांदूळ आणि नारळ तिच्या सामानात कोंबण्याचा आग्रह नको, कारण धान्य आणि ताजी फळे अनेक देशांच्या सीमेवर अडवली जातात. खण तिला द्यावा, नारळ त्याच दिवशी फोडून घरात वाटावा, आणि विमानतळावर निघताना तिच्या हातावर दही घालायचे असेल तर तिच्या पोटाला दही चालते का, तेवढे सासूबाईंना विचारायला लावावे.