'लॉर्ड एल्फिन्स्टन' नेमके कोण?

पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेले आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा उल्लेख 'लॉर्ड एल्फिन्स्टन' असा करणे योग्य आहे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते तो करू नये, कारण ते लॉर्ड नव्हते. एका लॉर्डचे चौथे पुत्र होते.

एल्फिन्स्टन हे मूळचे स्कॉटलंडमधील ईस्ट लोदियन भागातल्या एका ठिकाणाचे नाव. तेथील जमिनीवरून घराण्याला आडनाव मिळाले आणि १५१० मध्ये राजा चौथा जेम्स याने अलेक्झांडर एल्फिन्स्टन यांना सरदारकी बहाल केली तेव्हा किताबही त्याच नावाचा झाला. (तीनच वर्षांनी फ्लॉडनच्या लढाईत राजा आणि त्याचा हा सरदार असे दोघेही कामी आले.) स्कॉटलंडच्या उमरावांमधील सर्वांत खालच्या श्रेणीला इंग्लंडप्रमाणे 'बॅरन' न म्हणता 'लॉर्ड' असेच म्हणतात, त्यामुळे 'लॉर्ड एल्फिन्स्टन' हा केवळ आदरार्थी उल्लेख नसून तो प्रत्यक्ष किताब आहे आणि तो एका वेळी घराण्यातील एकाच व्यक्तीकडे असतो. वारसदाराला 'मास्टर ऑफ एल्फिन्स्टन' म्हणतात. धाकट्या मुलांच्या वाट्याला नावाआधी 'ऑनरेबल' एवढेच येते.

माउंटस्टुअर्ट हे अकराव्या लॉर्डचे पुत्र. किताब त्यांच्या थोरल्या भावाकडे आणि १८१३ मध्ये त्या भावाच्या मुलाकडे, म्हणजे तेराव्या लॉर्डकडे गेला. हा पुतण्या आधी मद्रासचा आणि १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि आपल्याकडच्या घोटाळ्याचे मूळ इथेच आहे. मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज काकांच्या नावाचे. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, आणि २०१८ मध्ये प्रभादेवी झालेले एल्फिन्स्टन रोड स्थानक पुतण्याच्या नावाचे. डलहौसींच्या बाबतीत असा गोंधळ होत नाही, कारण त्यांच्या घराण्याचे आडनाव रॅम्झी होते आणि किताबाचे नाव वेगळे होते. एल्फिन्स्टन घराण्यात जमीन, आडनाव आणि किताब या तिन्हींचे नाव एकच.

'लॉर्ड माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' हे रूप तर अधिकच चुकीचे आहे. 'लॉर्ड'नंतर व्यक्तिनाव येते ते ड्यूक किंवा मार्क्विस यांच्या धाकट्या मुलांच्या बाबतीत; लॉर्ड विल्यम बेंटिंक हे पोर्टलंडच्या ड्यूकचे धाकटे पुत्र असल्याने तेथे ती रचना बरोबर ठरते. मराठीत मात्र 'लॉर्ड' हा शब्द कुळापेक्षा हुद्द्याला चिकटला. गव्हर्नर म्हणजे लाटसाहेब आणि सरसेनापती म्हणजे जंगी लाट, अशी बोलण्याची रीत पडल्यावर प्रत्येक गव्हर्नरामागे 'लॉर्ड' लागला तर नवल नाही. तरीही माउंटस्टुअर्ट यांच्यानंतर आलेल्या माल्कम यांना आपण नेमाने 'सर जॉन माल्कम' म्हणतो, मग येथेच ढिलाई का, हे मला कळत नाही.

तेव्हा बाजीराव, खडकीची लढाई किंवा साताऱ्याची गादी यांच्या संदर्भात 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन' असे लिहावे, आणि १८५७ च्या मुंबईविषयीच्या मजकुरात 'लॉर्ड एल्फिन्स्टन' असे आढळले तर ते पुतण्याविषयी आहे असे समजून 'लॉर्ड' तसाच ठेवावा.