हाउवाहिनेचे खडक पहिल्यांदा पाहताना

हवाईतल्या ओआहू बेटावर कैलुआ गावाजवळचं कवाईनुई दलदलक्षेत्र पाहायचं तर कापाआ क्वारी रोडवरून ना पोहाकू ओ हाउवाहिने या खडकांकडे जा. दुपार उलटल्यावर जा. दलदल पूर्वेला असल्याने सकाळी ऊन थेट डोळ्यांवर येतं. रस्त्यावर अवजड ट्रक असतात, म्हणून गाडी पूर्ण कडेला घ्या. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीण हवीच, नाहीतर लांब गुलाबी पायांचा आएओ पक्षी (आपल्या शेकाट्याचा भाऊबंद) किंवा दाट गवतातली लाल कपाळाची पाणकोंबडी दिसणं कठीण.

हाउवाहिने ही इथली राखणदार मोओ, म्हणजे सरड्यासारखी जलदेवता. माशांची समृद्धी तिच्या हाती, आणि हे खडक तिच्याच नावाचे. म्हणून खडकांवर चढू नका, दगड रचू नका. पाण्यात उतरू नका. हवाईतल्या गोड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, पायावरची छोटी जखमही पुरते.